साहेबांनाही कुणीतरी हवं असतं



दोनेक महिन्यांपूर्वी माझ्या भाच्याचा पुण्याहून फोन आला. तो पन्नाशीच्या उंबरठ्यावर आहे आणि एका बऱ्यापैकी मोठ्या कंपनीत नुकताच सर्वांत वरच्या खुर्चीत जाऊन बसला आहे. अभिनंदन झालं, घरच्यांची चौकशी झाली, आणि मग आवाज जरा खाली आणून तो म्हणाला, "मामा, कंपनीनं मला एक मेंटॉर दिलाय. पंचाहत्तरीचे गृहस्थ आहेत. महिन्यातून दोनदा भेटायचं. पण त्यांच्याशी बोलायचं काय? आमच्या धंद्यातलं त्यांना माझ्या निम्मंही कळत नसणार."

"भेट तर एकदा," असं काहीतरी गुळमुळीत बोलून मी फोन ठेवला. पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. २००८ साली असाच एक माणूस मला भेटला नसता, तर कोल्हापूरजवळ शिरोलीला मी जी फौंड्री सांभाळत होतो ती आज चालू नसती. तरीही भाच्याला त्या माणसानं नेमकं काय केलं ते मला दोन वाक्यांत सांगता आलं नाही. आज जरा सावकाश सांगून बघतो.

'मेंटॉर' हा शब्द मूळचा होमरच्या 'ओडिसी'तला. राजा ओडिसियस ट्रॉयच्या लढाईवर जाताना आपलं घरदार ज्या जुन्या मित्राच्या हवाली करून गेला, त्याचं नाव मेंटॉर. मराठीत आपण 'मार्गदर्शक' म्हणतो, पण मला तो शब्द पुरता पटत नाही. मार्गदर्शक म्हटलं की पीएच.डी.चे सर आठवतात, नाहीतर घाटाच्या तोंडाशी उभा केलेला फलक. मार्गदर्शकाला मार्ग माहीत असतो. आणि मी ज्या प्रसंगांबद्दल बोलणार आहे, त्यांत मार्ग कुणालाच माहीत नसतो. त्यापेक्षा आपल्या घरगुती बोलीतला 'वडीलधारा' हा शब्द मला जवळचा वाटतो. वडीलधाऱ्या माणसाला सगळं कळतं असं नाही. पण तो घरात असला की निर्णय घेणाऱ्याचा हात कमी थरथरतो.

इथं एक फरक समजून घेऊ. फ्रँक नाइट नावाच्या अमेरिकन अर्थतज्ज्ञानं १९२१ साली एका पुस्तकात तो मांडला. जोखीम वेगळी आणि अनिश्चितता वेगळी, असं त्याचं म्हणणं. एका शहरात वर्षाकाठी साधारण किती दुकानांना आग लागते हे विमा कंपनीला ठाऊक असतं. आग कोणत्या दुकानाला लागेल हे ठाऊक नसलं तरी हिशेब मांडता येतो. ही जोखीम. पण जिथं मागचा दाखलाच नाही, मोजायचं कशावरून तेच कळत नाही, ती अनिश्चितता. जोखमीसाठी मोठ्या साहेबांकडे माणसं असतात, तक्ते असतात, संगणक असतात. अनिश्चितता मात्र सगळी गाळून-गाळून त्यांच्याच टेबलावर येते. ज्याचं उत्तर हिशेबातून निघतं, ते खालीच कुणीतरी काढलेलं असतं.

आणि नेमक्या त्याच वेळी साहेब एकटे असतात. खालून वर येणारी बातमी प्रत्येक पायरीवर थोडी धुतली जाते, थोडी इस्त्री होते. हाताखालच्यांपुढे "मला कळत नाही" म्हणावं, तर संध्याकाळपर्यंत कँटीनमध्ये चर्चा. संचालक मंडळापुढे म्हणावं, तर तेच तुमची परीक्षा घ्यायला बसलेले. बायकोपुढे म्हणावं, तर तिची झोप उडते, आपली तर आधीच उडालेली असते. पैसे मोजून बोलावलेल्या सल्लागार संस्थेची पंचाईत निराळीच. तिला उत्तर विकायचं असतं, त्यामुळे "उत्तर नाही" असं उत्तर ती सहसा देत नाही.

अशा एकट्या माणसाला वडीलधाऱ्यानं कसं सांभाळलं, याचं मला माहीत असलेलं सर्वांत बोलकं उदाहरण अमेरिकेतल्या एका बाईंचं आहे. कॅथरिन ग्रॅहम. 'वॉशिंग्टन पोस्ट' या वृत्तपत्राच्या मालकीणबाई.

हे वृत्तपत्र त्यांच्या वडिलांनी १९३३ साली दिवाळखोरीच्या लिलावात विकत घेतलं होतं. पुढे ते चालवायला दिलं जावयाकडे, म्हणजे ग्रॅहमबाईंच्या यजमानांकडे. त्या काळाला धरूनच होतं म्हणा, आणि बाईंनाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. पण १९६३च्या ऑगस्टमध्ये यजमानांनी आत्महत्या केली. बाईंचं वय ४६, पदरात चार मुलं, आणि अंगावर येऊन पडलेली एक कंपनी. वृत्तपत्र, 'न्यूजवीक' साप्ताहिक, दूरचित्रवाणी केंद्रं. कंपनी विकून मोकळं होण्याचा रस्ता होता. त्यांनी ती चालवायचं ठरवलं. आत्मविश्वास किती? तर कार्यालयातल्या नाताळच्या कार्यक्रमात नुसतं 'मेरी ख्रिसमस' म्हणायचं, त्याचीसुद्धा त्यांनी आधी घोकंपट्टी केली होती. हे त्यांनीच पुढे सांगून टाकलं. त्यांचं आत्मचरित्र १९९७ साली आलं आणि पुढच्या वर्षी त्याला पुलित्झर पारितोषिक मिळालं. मोठ्या पदावरच्या माणसानं आपली भीती इतकी उघडी करून मांडल्याची उदाहरणं कमी.

त्यांचे पहिले वडीलधारे होते कंपनीचे अध्यक्ष फ्रिट्झ बीबी. पेशानं वकील. कंपनीचे आर्थिक व्यवहार, करार, कर्जं हे सगळं त्यांनी सांभाळलं आणि बाईंना हळूहळू शिकवलं. या दोघांमधला एक प्रसंग ऐका. जून १९७१. व्हिएतनाम युद्धाची सरकारी गुप्त कागदपत्रं, ज्यांना 'पेंटॅगॉन पेपर्स' म्हणतात, ती 'न्यूयॉर्क टाइम्स'नं छापायला सुरुवात केली आणि न्यायालयानं त्यांना मनाई केली. मग तीच कागदपत्रं 'पोस्ट'च्या हाती लागली. छापायची की नाही? संपादक म्हणत होते, छापलीच पाहिजेत. वकील म्हणत होते, थांबा. आणि मुहूर्त असा की त्याच आठवड्यात कंपनीचे शेअर पहिल्यांदा बाजारात आले होते. सरकारनं खटला भरला तर शेअरविक्री अडचणीत आणि दूरचित्रवाणी केंद्रांचे परवाने धोक्यात. नाइटसाहेबांच्या भाषेत ही शुद्ध अनिश्चितता. याआधी असं काही घडलेलंच नव्हतं, त्यामुळे शक्यता मोजणार कशी?

१७ जूनची संध्याकाळ. ग्रॅहमबाईंच्या घरी एका सहकाऱ्याच्या निरोपाची पार्टी चालू होती. त्यांना फोनवर बोलावलं गेलं. एकेका जोडणीवर संपादक, बीबी, सगळे. निर्णय तिथल्या तिथे हवा होता. बाईंनी बीबींना विचारलं, तुम्ही काय केलं असतं? बीबी म्हणाले, मी बहुतेक छापलं नसतं.

आता असं पाहा, ज्याच्या शब्दावर आठ वर्षं भिस्त ठेवली त्यानं 'नको' म्हटल्यावर विषय संपायला हवा. पण बाईंनी लिहिलंय की बीबींनी ते अशा काही सुरात म्हटलं, इतकं हलक्या हातानं, की दार उघडं राहिलं. त्यांनी आवाज चढवला असता, कंपनी बुडेल म्हणून बजावलं असतं, तर वेगळं घडलं असतं. तसं त्यांनी केलं नाही. आणि बाई म्हणाल्या, छापा. पुढे ३० जूनला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं सहा विरुद्ध तीन मतांनी वृत्तपत्रांच्या बाजूनं कौल दिला.

मी हा भाग पहिल्यांदा वाचला तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं आणि बराच वेळ बसून राहिलो. बीबींचा सल्ला चुकीचा ठरला असं कुणी म्हणेल. मला वाटतं, त्यांनी त्या रात्री वडीलधारेपणाचा कळस गाठला. आपलं मत खरेपणानं सांगितलं, आणि ते समोरच्याच्या डोक्यावर ठेवलं नाही. सल्ला देताना हे किती अवघड जातं, हे ज्यांची मुलं मोठी झाली आहेत त्यांना मी वेगळं सांगायला नको.

१९७३ साली बीबी गेले. बाई पुन्हा उघड्यावर. त्याच वर्षी ओमाहा शहरातला एक गुंतवणूकदार 'पोस्ट'चे शेअर गोळा करतोय अशी खबर आली. वॉरन बफे. आज हे नाव शेंबडं पोरही ओळखतं, तेव्हा फारसं कुणी ओळखत नव्हतं. त्यानं सुमारे एक कोटी सहा लाख डॉलर घालून साधे शेअर दहा टक्क्यांहून जास्त घेतले. बाईंना त्यांच्या जवळच्यांनी सावध केलं, हा माणूस कंपनी गिळायला आलाय. बफेंनी काय करावं? त्यांनी बाईंना पत्र लिहिलं, भेटायला गेले आणि शब्द दिला की तुमच्या परवानगीशिवाय यापुढे एकही शेअर घेणार नाही. शाळकरी वयात वडील वॉशिंग्टनला खासदार असताना या गृहस्थांनी घरोघरी हाच 'पोस्ट' टाकला होता, तेव्हा थोडी माया असावी. १९७४ साली बाईंनी त्यांना संचालक मंडळावर घेतलं.

मग सुरू झाली शिकवणी. बफे बैठकीला येताना वेगवेगळ्या कंपन्यांचे वार्षिक अहवाल घेऊन येत आणि बाईंसोबत बसून ओळ न् ओळ वाचत. हा धंदा चांगला का, तो वाईट का, इथं नफा दिसतोय पण रोकड कुठंय? बाई तेव्हा पंचावन्न ओलांडलेल्या, मोठ्या कंपनीच्या प्रमुख. बैठकीत आकड्यांची चर्चा निघाली की आपल्याला कळत नाही हे कुणाला कळू नये म्हणून जीव मुठीत धरून बसायच्या. त्यांना पहिल्यांदा असा माणूस भेटला, ज्याच्यापुढे अडाणी प्रश्न विचारता येत होता. पुढे बफेंच्याच सांगण्यावरून 'पोस्ट'नं स्वतःचे शेअर बाजारातून परत विकत घेतले. त्या काळात अशी चाल फार कमी कंपन्या करत. बाईंनी ती केली ती विश्वासानं नव्हे, समजून घेऊन. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

खरी कसोटी १९७५ साली लागली. १ ऑक्टोबरच्या पहाटे 'पोस्ट'च्या छपाई कामगारांनी यंत्रांची मोडतोड केली, एका फोरमनला मारहाण झाली आणि संप सुरू झाला. एक दिवस अंक निघाला नाही. नंतर तो आसपासच्या छोट्या छापखान्यांत छापून घेतला, आणि त्यासाठी लागणारं साहित्य कचेरीच्या गच्चीवरून हेलिकॉप्टरनं नेलं. स्वतः ग्रॅहमबाई फोनवर छोट्या जाहिराती घ्यायला बसल्या. पण समोर 'स्टार' हे प्रतिस्पर्धी वृत्तपत्र धडधाकट छापलं जात होतं आणि जाहिरातदार तिकडे चालले होते. किती दिवस ताणायचं? एकदा गेलेला जाहिरातदार परत येतो का? कितव्या आठवड्यानंतर नुकसान कायमचं होतं? याचं कोष्टक कुठल्याही पुस्तकात नाही.

बफेंनी काय केलं, तर 'ताण' असंही म्हटलं नाही आणि 'सोड' असंही नाही. त्यांनी सांगितलं ते थोडक्यात असं, की धंद्याच्या बाजूनं मी नजर ठेवून आहे. आता पुढे गेलं तर कंपनी कायमची मागे पडेल अशी वेळ आली, तर ती मी तुम्हाला सांगेन.

ऐकायला साधं आहे. पण त्या बाईंच्या जागी जाऊन पाहा. रात्री अंथरुणावर पडल्यावर छळणारा प्रश्न हाच असतो, की ती वेळ येऊन गेली आणि मला कळलंच नाही तर? तेवढी एक काळजी बफेंनी उचलून आपल्याकडे घेतली. निर्णय बाईंचाच राहिला, जबाबदारी बाईंचीच, पण एक पहारा दुसऱ्या कुणीतरी वाटून घेतला. पहारेकरी जागा आहे म्हटल्यावर माणूस दोन तास झोपू शकतो, आणि झोपलेला माणूस सकाळी बरे निर्णय घेतो. डिसेंबरमध्ये कंपनीनं संपकऱ्यांच्या जागी नवे कामगार घ्यायला सुरुवात केली. संप पुढच्या फेब्रुवारीपर्यंत रेंगाळला आणि संघटना मोडली.

इथं एक गोष्ट नोंदवून ठेवतो, कारण मी आयुष्यभर कामगारांच्यात वावरलो. त्या संपात अनेकांच्या नोकऱ्या कायमच्या गेल्या आणि तिकडच्या कामगार चळवळीत आजही त्याबद्दल कडवट बोललं जातं. मोडतोड, मारहाण चूकच. पण वडीलधाऱ्याच्या आधारानं मालक खंबीर राहिला, म्हणजे तो न्यायानं वागलाच असं होत नाही. आधार खंबीरपणाला मिळतो. तो कशासाठी वापरायचा, हे ज्याचं त्यानं पाहायचं असतं.

आता माझं सांगतो. माझी गोष्ट याच्या मानानं फारच लहान आहे, पण ती मला आतून माहीत आहे.

२००८च्या सप्टेंबरात अमेरिकेतली ती लेहमन बँक बुडाली. आम्हाला वाटलं, आपला काय संबंध? आम्ही ट्रकला लागणारं ओतकाम करत होतो. दिवाळीच्या आसपास ट्रकची मागणी अशी काही कोसळली की ट्रक बनवणाऱ्या कंपन्या मधले-मधले दिवस कारखाने बंद ठेवायला लागल्या. आमचं महिन्याचं वेळापत्रक निम्म्यावर आलं, मग तिसऱ्या हिश्शावर. इंडक्शन भट्टी अशी वस्तू आहे की ती कमी चालवली तरी विजेचं बिल त्या प्रमाणात कमी होत नाही. बँकेचा हप्ता तर भट्टी विझली तरी चालूच. मालक मुंबईला, मी इथला प्रमुख. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मी ठेकेदाराकडची चाळीस माणसं एका दिवसात कमी केली. कुणाला विचारलं नाही. खंबीर दिसायचं होतं.

त्यानंतरही झोप येईना. शेवटी एका रविवारी मी माझ्या जुन्या साहेबांकडे गेलो. नोकरीच्या पहिल्या दिवशी ज्यांनी मला वाळू हातात घेऊन मुठीत दाबायला लावली होती, ते. निवृत्त होऊन त्यांना बारा वर्षं झाली होती. राजारामपुरीत घर, परसात पेरूचं झाड, त्याखाली दोन खुर्च्या. आम्ही एकाच धंद्यातले असलो तरी नव्या यंत्रांचं, नव्या करारांचं त्यांना काही माहीत नव्हतं. मी तासभर बोललो. ते मध्ये बोलले नाहीत. मग म्हणाले, "तू मला हे सांगतोयस की वाचून दाखवतोयस?" मी खरोखरच, मंडळासाठी तयार केलेलं निवेदन पाठ म्हणत होतो.

मग त्यांनी वहीचा एक कागद फाडून दिला आणि त्यावर तीन रकाने पाडायला लावले. पहिल्यात तुला पक्कं माहीत आहे ते. दुसऱ्यात तुला माहीत नाही, पण विचारलं तर कळेल ते. तिसऱ्यात देवालाही विचारून कळणार नाही ते. मी तिसरा रकाना भराभर भरत गेलो. मागणी कधी येईल, सरकार काय करेल, बँक काय करेल. ते एकेका ओळीवर बोट ठेवत विचारायचे, "बँक काय करेल हे बँकेला विचारलंस?" विचारलं नव्हतं. "गिऱ्हाइकाच्या गोदामात आपल्या मालाचा किती साठा पडलाय, हे त्यांच्या खरेदीवाल्याला विचारलंस?" तेही नव्हतं. "कायमची माणसं चार महिने पाच दिवसांच्या आठवड्यावर राहतील का, हे युनियनच्या माणसाला विचारलंस?" "साहेब, कसं विचारणार? विचारलं की त्यांना कळेल ना, आपल्याकडे..." मी वाक्य पूर्ण केलं नाही. ते हसले. "त्यांना कळलेलं आहे रे. फक्त तुला कळत नाही असं त्यांना वाटतंय."

त्या संध्याकाळी तिसऱ्या रकान्यातल्या सात-आठ गोष्टी दुसऱ्यात आल्या. पुढच्या आठवड्यात मी फोन केले. बँकेनं हप्ते लांबवले, पूर्ण नाही पण श्वास घेण्यापुरते. गिऱ्हाइकाकडचा साठा दहा आठवड्यांचा निघाला, म्हणजे अकराव्या आठवड्यात त्यांना काहीतरी मागवावंच लागणार होतं. युनियनचे लोक माझ्यापेक्षा शहाणे निघाले. पाच दिवसांच्या आठवड्याचा प्रस्ताव त्यांनी आधीच आपसात चर्चून ठेवला होता आणि मी कधी विचारतो याची वाट बघत होते.

अनिश्चितता संपली नाही. तिसऱ्या रकान्यात दोन-तीन गोष्टी होत्याच. डिसेंबरात केंद्र सरकार उत्पादनशुल्क कमी करेल, हे काही आम्हाला ठाऊक नव्हतं. पण अंधार किती आणि मी मिटलेले डोळे किती, हे वेगळं झालं. निघताना साहेब म्हणाले, "फेब्रुवारीअखेरपर्यंत भट्टी बंद करायचा विचार मनात आणू नकोस. तेव्हा मी विचारीन. तोवर रोज स्वतःला विचारत बसू नकोस." काही वर्षांनी ग्रॅहमबाईंचं पुस्तक वाचताना बफेंचा तो प्रसंग आला आणि मी थबकलो. आमच्या साहेबांनी बफेंचं नावसुद्धा ऐकलेलं नसावं.

फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी त्यांचा फोन आला. एकच प्रश्न, "काय म्हणतो रकाना?" तोवर वेळापत्रक वर सरकू लागलं होतं.

एक गोष्ट मात्र दुरुस्त झाली नाही. साहेबांकडे जायच्या आधी कमी केलेली ती चाळीस माणसं. त्यांत सहा-सात अस्सल मोल्डर होते, साच्यावर हात फिरवून वाळू ओली आहे की कोरडी ते सांगणारे. गिऱ्हाइकाचा साठा दहा आठवड्यांचा आहे हे मला आधी कळलं असतं, तर निदान त्यांना तरी ठेवता आलं असतं. काम परत आलं तेव्हा मी माणूस पाठवला. बरेचसे गाव सोडून गेले होते. एकानं निरोप दिला, "साहेबांना सांगा, बरं चाललंय." त्या वर्षी आमचं नापास ओतकाम दुपटीच्या घरात गेलं, पण मला आठवतो तो निरोप. साहेबांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी समजूत घातली नाही. "हो, चुकलंच ते," एवढंच म्हणाले. त्याचाही उपयोग झाला.

डॉ. सतीश धवन आणि डॉ. अब्दुल कलाम यांची हकिगत तुमच्यापैकी बहुतेकांनी ऐकलेली असेल, म्हणून फक्त आठवण करून देतो. १० ऑगस्ट १९७९ रोजी एसएलव्ही-३ अग्निबाण समुद्रात कोसळला. प्रकल्पप्रमुख कलाम, पण पत्रकारांसमोर इस्रोचे अध्यक्ष धवन स्वतः बसले आणि अपयश आपल्या अंगावर घेतलं. १८ जुलै १९८०ला उड्डाण यशस्वी झालं, तेव्हा पत्रकारांसमोर कलामांना पाठवलं. कलाम हे आयुष्यभर सांगत राहिले. हा वडीलधारेपणाचा निराळा प्रकार, जिथं वडीलधारा वरच्या पदावर असतो आणि ढाल होऊ शकतो. सर्वांत वरच्या माणसाला अशी ढाल मिळत नाही, कारण त्याच्यावर कुणी नसतं. त्याला बीबी लागतात, बफे लागतात.

मग असा माणूस ओळखायचा कसा? लोक म्हणतात, मेंटॉर निःस्वार्थी हवा. पण बफे कुठं निःस्वार्थी होते? त्यांचे कोटभर डॉलर त्या कंपनीत अडकले होते, आणि पुढे त्याचे त्यांनी कितीतरी पटींनी केले. माझ्या मते पाहायचं ते एवढंच, की त्याला तुमची खुर्ची हवी आहे का? बफेंना पैसा हवा होता, खुर्ची नको होती. म्हणून तर शेअर न घेण्याचा तो शब्द महत्त्वाचा. माझ्या पाहण्यात उलटंही आलंय. एका ओळखीच्या कारखान्यात निवृत्त प्रमुखालाच नव्या प्रमुखाचा सल्लागार नेमलं. शरीरानं निवृत्त झालेला तो माणूस मनानं अजून त्याच केबिनमध्ये बसलेला होता. वर्षभरात नव्या प्रमुखानं राजीनामा दिला. दुसरी खूण, त्याच्यापुढे तुम्ही निवेदन वाचायचं थांबवता का? पहिल्या दोन-तीन भेटींत थांबवता आलं नाही, तर माणूस बदलावा, त्यात अपमान काही नाही. वयाचं म्हणाल तर तो मोठाच असावा असंही नाही. १९९९ साली जनरल इलेक्ट्रिकच्या जॅक वेल्श यांनी आपल्या पाचशे वरिष्ठ अधिकाऱ्यांना इंटरनेट शिकण्यासाठी तरुण कर्मचाऱ्यांच्या हाताखाली बसवलं होतं. माझा नातू मला मोबाइल शिकवतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जो संयम असतो, तो मी कामावर असताना कुणाला दाखवल्याचं मला आठवत नाही.

भाच्याच्या शंकेचं उत्तर राहिलं. धंद्यातलं कळत नाही ही त्या गृहस्थांची उणीव नव्हे. ज्याला धंदा कळतो तो लगेच उत्तर द्यायला लागतो. ज्याला कळत नाही त्याला तुम्हाला समजावून सांगावं लागतं, आणि समजावून सांगताना मध्येच आपण अडखळतो. ती अडखळण्याची जागाच शोधायची असते.

गेल्या रविवारी तो कोल्हापूरला आला होता. जेवणं झाल्यावर म्हणाला, "मामा, त्यांना दोनदा भेटलो. पहिल्यांदा मी प्रेझेंटेशन घेऊन गेलो होतो." मी विचारलं, "आणि दुसऱ्यांदा?" तो म्हणाला, "दुसऱ्यांदा त्यांनी लॅपटॉप गाडीतच ठेवून यायला सांगितलं." मग जरा थांबून त्यानं विचारलं, "तुमच्या त्या साहेबांचा कागद आहे का हो अजून?"

कागद आहे. साहेब २०१४ साली गेले. वहीचं पान आता पिवळं पडलंय, घडीवर फाटलंय. मी त्याला झेरॉक्स काढून दिली.